जिच्या कामाला ऑफिस नाही तिची तक्रार: स्थानिक समितीपर्यंत पोहोचण्याची वाट

कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धचा आपल्या देशातला कायदा एका खेड्यातल्या कामकरी स्त्रीमुळे उभा राहिला. राजस्थान सरकारच्या महिला विकास कार्यक्रमात ‘साथिन’ म्हणून काम करणाऱ्या भंवरीदेवी यांनी जयपूरजवळच्या भटेरी गावात बालविवाह रोखण्याचा प्रयत्न केला आणि त्याचा सूड म्हणून १९९२ साली त्यांच्यावर सामूहिक बलात्कार झाला. काम करताना हे घडले, तरी त्या कामावर त्यांना संरक्षण देण्याची जबाबदारी नेमकी कोणाची, हे सांगणारा एकही कायदा तेव्हा नव्हता. महिला संघटना सर्वोच्च न्यायालयात गेल्या, १३ ऑगस्ट १९९७ रोजी न्यायालयाने ‘विशाखा’ मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली, ती पाळली जात नाहीत म्हणून पुण्याच्या मेधा कोतवाल लेले यांच्या याचिकेवर २०१२ साली न्यायालयाला पुन्हा निर्देश द्यावे लागले, आणि अखेर ‘कामाच्या ठिकाणी महिलांचा लैंगिक छळ (प्रतिबंध, मनाई व निवारण) अधिनियम, २०१३’ हा कायदा ९ डिसेंबर २०१३ पासून लागू झाला.

आज या कायद्याची चर्चा होते ती मुख्यतः कंपन्या, बँका आणि महाविद्यालयांमध्ये. दहा किंवा अधिक माणसे काम करतात तिथे अशा तक्रारींची चौकशी करणारी, मालकाने नेमलेली अंतर्गत समिती असावी लागते, हे बऱ्याच सुशिक्षित वाचकांना ठाऊक असते. पण धुणीभांडी करणारी ताई, वीटभट्टीवरची मजूर, चार जणींच्या शिवणवर्गात काम करणारी मुलगी, दुकानातली एकटी विक्रेती, ऊसतोडीच्या टोळीतली बाई यांच्यासाठी त्याच कायद्याने जिल्ह्याजिल्ह्यात स्थानिक समितीची सोय केलेली आहे, हे त्या स्त्रियांना तर कोणी सांगितलेले नसतेच, आणि अनेकदा त्यांच्यासोबत काम करणाऱ्या कार्यकर्त्यांनाही त्याची नीट माहिती नसते. माझ्या मते या कायद्याचा सर्वांत मोलाचा आणि सर्वांत दुर्लक्षित भाग हाच आहे. पुढचा मजकूर अशा स्त्रीसोबत जाणाऱ्या व्यक्तीसाठी लिहिला आहे. ती व्यक्ती बचत गटाची अध्यक्ष असेल, आशा किंवा अंगणवाडी सेविका असेल, शिक्षिका असेल, कामगार संघटनेची कार्यकर्ती असेल, किंवा त्या स्त्रीची शिकलेली मुलगीही असेल.

कोणाची तक्रार स्थानिक समितीकडे जाते

दोन प्रसंगी स्थानिक समितीकडे जायचे असते. पहिला प्रसंग म्हणजे कामाच्या ठिकाणी दहापेक्षा कमी माणसे असल्यामुळे तिथे अंतर्गत समिती नसते. दुसरा म्हणजे तक्रारच मालकाविरुद्ध असते. या दुसऱ्या प्रसंगात माणसे किती, हा प्रश्नच येत नाही, कारण मालकाने नेमलेल्या समितीने मालकाचीच चौकशी करावी अशी अपेक्षा कायदा ठेवत नाही.

‘कर्मचारी’ या शब्दाची व्याख्या कायद्याने मुद्दाम रुंद ठेवली आहे. रोजंदारीवरची, हंगामी, तात्पुरती, कंत्राटदारामार्फत आलेली, शिकाऊ, मानधनावरची किंवा विनावेतन काम करणारी स्त्रीही तीत येते, आणि मुख्य मालकाला तिची माहिती असो वा नसो, तिचा हक्क बदलत नाही. राहते घर हेही कामाचे ठिकाण मानले आहे, त्यामुळे घरकामगार स्त्रिया स्पष्टपणे या कायद्याखाली येतात. कामासाठी जावे लागते ती जागा आणि मालकाने पुरवलेले वाहन यांचाही त्यात समावेश आहे.

छळ कशाला म्हणायचे, याबाबत गोंधळ नको. नको असलेला स्पर्श किंवा लगट, शरीरसुखाची मागणी, अश्लील शेरे, अश्लील चित्रे वा चित्रफिती दाखवणे आणि लैंगिक स्वरूपाचे इतर कोणतेही नकोसे वर्तन, मग ते बोलून केलेले असो, हावभावाने असो वा मोबाईलवरून, हे सारे छळातच मोडते. ‘माझे ऐक, नाहीतर उद्यापासून येऊ नकोस’ ही धमकी आणि ‘ऐकलेस तर हजेरी वाढवून देतो’ हे आमिष, दोन्ही कायद्याने गंभीर मानली आहेत.

मुलगी अठरा वर्षांखालची असेल, तर स्थानिक समितीची वाट पाहत बसू नये. तिथे बालकांचे लैंगिक अपराधांपासून संरक्षण करणारा २०१२ चा पॉक्सो कायदा लागू होतो आणि अपराध घडल्याचे ज्याला कळते त्याच्यावर तो कळवण्याची कायदेशीर सक्ती आहे. अशा वेळी थेट पोलिसांकडे जावे, किंवा १०९८ या बालकांच्या मदतवाहिनीवर फोन करावा.

तक्रार येण्याआधीची तयारी

हे काम शांत दिवसांत करून ठेवावे. एखादी स्त्री रडत दारात उभी राहिल्यावर समितीचा पत्ता शोधत बसण्यात पहिला आठवडा जातो, आणि तो आठवडा फार महत्त्वाचा असतो.

कायद्यानुसार राज्य सरकार प्रत्येक जिल्ह्यासाठी एक ‘जिल्हा अधिकारी’ अधिसूचित करते. हा अधिकारी जिल्हाधिकारी, अपर जिल्हाधिकारी किंवा उपजिल्हाधिकारी दर्जाचा असतो. तो स्थानिक समिती नेमतो आणि ग्रामीण भागात प्रत्येक तालुक्यात, शहरात प्रत्येक प्रभागात किंवा नगरपालिकेत एक समन्वयक अधिकारी नेमतो. या समन्वयक अधिकाऱ्याने तक्रार स्वीकारून सात दिवसांच्या आत स्थानिक समितीकडे पाठवायची असते. गावातल्या स्त्रीला जिल्ह्याच्या ठिकाणी जायला एक दिवसाची मजुरी आणि एसटीचे भाडे लागते, घरी काय सांगायचे हा प्रश्न वेगळाच. म्हणून तालुक्याच्या अधिकाऱ्याचे नाव माहीत असणे ही तिच्या दृष्टीने सर्वांत उपयोगाची माहिती आहे.

नाव शोधण्यासाठी प्रथम जिल्हा महिला व बाल विकास अधिकाऱ्याच्या कार्यालयात जावे आणि समितीच्या स्थापनेच्या आदेशाची प्रत मागावी. समितीचे नाव फलकावर ‘स्थानिक तक्रार समिती’ किंवा ‘स्थानिक तक्रार निवारण समिती’ असे लिहिलेले असू शकते. आदेशात पाहायच्या गोष्टी ठरलेल्या आहेत. अध्यक्ष सामाजिक क्षेत्रातली मान्यवर स्त्री असावी. एक सदस्य त्याच तालुक्यात वा शहरात काम करणाऱ्या स्त्रियांपैकी असावी. दोन सदस्य स्वयंसेवी संस्थांमधून किंवा या विषयाची जाण असलेल्या व्यक्तींमधून घेतलेले असावेत आणि त्यातली एक तरी स्त्री असावी. या नामनिर्देशित सदस्यांत एकाला तरी शक्यतो कायद्याचे ज्ञान असावे आणि एक तरी स्त्री अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती, इतर मागासवर्ग किंवा अल्पसंख्याक समाजातली असावी. समाजकल्याण किंवा महिला व बाल विकासाचे काम पाहणारा जिल्ह्यातला अधिकारी पदसिद्ध सदस्य असतो. मुदत जास्तीत जास्त तीन वर्षांची असल्यामुळे आदेशाची तारीख नक्की पाहावी. मुदत संपलेल्या समितीपुढे चौकशी सुरू झाली, तर पुढे तिच्या वैधतेवरच वाद उभा राहतो.

आदेश मिळत नसेल, तर माहितीच्या अधिकारात अर्ज करावा. महाराष्ट्रात या अर्जाला दहा रुपये शुल्क आहे, विषय एकच असावा आणि मजकूर दीडशे शब्दांत बसावा, असा नियम आहे. अर्जात समिती स्थापनेच्या आदेशाची प्रत, सदस्यांची नावे व मुदत, तालुकानिहाय समन्वयक अधिकाऱ्यांची यादी आणि मागच्या वर्षीच्या वार्षिक अहवालाची प्रत एवढेच मागावे. प्रत्यक्ष तक्रारींचा तपशील मागू नये. २०१३ च्या कायद्याने तो गोपनीय ठेवला आहे आणि माहिती अधिकाराखालीही तो उघड करता येत नाही. ही गोपनीयता तक्रारदार स्त्रियांच्या हिताचीच आहे. तीस दिवसांत उत्तर न आल्यास प्रथम अपील करावे.

समितीच अस्तित्वात नाही असे कळले, तर जिल्हाधिकाऱ्यांना द्यायच्या निवेदनात सर्वोच्च न्यायालयाच्या निर्देशांचा उल्लेख जरूर करावा. गोवा विद्यापीठातल्या एका प्रकरणावर निकाल देताना १२ मे २०२३ रोजी न्यायालयाने देशभरातल्या समित्यांच्या दुरवस्थेबद्दल तीव्र चिंता व्यक्त केली. त्याच प्रकरणात डिसेंबर २०२४ मध्ये जिल्हा अधिकारी नेमणे, ३१ जानेवारी २०२५ पर्यंत प्रत्येक जिल्ह्यात स्थानिक समिती स्थापन करणे आणि तालुका पातळीवर समन्वयक अधिकारी नेमणे, असे मुदतबद्ध आदेश दिले. हा संदर्भ असलेले निवेदन बाजूला ठेवणे कोणत्याही कार्यालयाला सोपे जात नाही.

ऐकणे आणि संमती

स्त्री बोलायला येते तेव्हा पहिल्या भेटीत तक्रार लिहायला घेऊ नये. तिला पूर्ण बोलू द्यावे, आणि ‘तू तेव्हाच का नाही बोललीस’, ‘एकटी कशाला गेलीस’ असे प्रश्न तोंडातून येणार नाहीत याची काळजी घ्यावी. काय झाले याइतकेच तिला आता काय हवे आहे, हेही विचारावे. कोणाला छळ थांबून तेच काम चालू राहायला हवे असते, कोणाला थकलेली मजुरी घेऊन तिथून बाहेर पडायचे असते, तर कोणाला त्या माणसाला शिक्षा झालेली पाहायची असते. या तिन्ही गोष्टींचे मार्ग वेगवेगळे आहेत आणि निवड तिची आहे. सोबत जाणाऱ्याने आपला उत्साह तिच्यावर लादणे, हा तिच्यावर होणारा आणखी एक अन्यायच ठरतो.

तिला मुदत मात्र पहिल्याच भेटीत सांगावी. घटना घडल्यापासून तीन महिन्यांच्या आत तक्रार द्यायची असते, आणि छळ वारंवार झाला असेल तर शेवटच्या घटनेपासून तीन महिने मोजायचे असतात. उशिराला सबळ कारण असेल, तर ते लेखी नोंदवून समिती आणखी तीन महिन्यांपर्यंत मुदत वाढवू शकते. म्हणून आजारपण, धमकी, गावाबाहेर असणे किंवा काम जाण्याची भीती यांपैकी जे खरे कारण असेल ते अर्जात लिहावे.

घरकामगार स्त्रीला आणखी एक गोष्ट आधीच समजावून सांगितली पाहिजे. तिच्या तक्रारीत प्रथमदर्शनी तथ्य आढळले, तर स्थानिक समितीने ती सात दिवसांत पोलिसांकडे गुन्हा नोंदवण्यासाठी पाठवायची असते. म्हणजे तिच्यासाठी समितीचा रस्ता पोलीस ठाण्याकडे वळतो. काही जणींना हेच हवे असते, काही जणींना याची धास्ती वाटते. मात्र अर्ज दिल्यावर पोलीस दारात आले आणि ‘मला कोणी सांगितलेच नव्हते’ असे तिला म्हणावे लागले, तर ती पुन्हा कोणावर विश्वास ठेवणार नाही.

पुरावा गोळा करणे

असंघटित कामगार स्त्रीपुढची पहिली अडचण छळ सिद्ध करण्याच्याही आधीची असते. ती तिथे काम करत होती, हेच तिला दाखवून द्यावे लागते. नेमणूकपत्र नाही, पगारपत्रक नाही, हजेरीही बहुधा दुसऱ्याच्या वहीत. ऊसतोडीत तर नवरा-बायकोची जोडी ‘एक कोयता’ म्हणून मोजली जाते, उचल, म्हणजे हंगामाआधी घेतलेली आगाऊ रक्कम, नवऱ्याच्या नावावर असते, आणि पहाटेपासून फडात राबणाऱ्या बाईचे नाव कोणत्याच कागदावर सापडत नाही. एखाद्या माणसाच्या श्रमाची यापेक्षा मोठी अवहेलना मला ठाऊक नाही.

अशा वेळी आजूबाजूला विखुरलेले पुरावे जमवावे लागतात. मजुरी ऑनलाइन आली असेल तर बँकेचे किंवा फोनवरच्या व्यवहारांचे तपशील घ्यावेत. सोसायटीच्या दारावरच्या नोंदवहीत किंवा ॲपवर रोजच्या येण्याजाण्याच्या वेळा असतात. असंघटित कामगारांच्या सरकारी नोंदणीचे ई-श्रम कार्ड आणि २००८ च्या कायद्याखाली स्थापन झालेल्या महाराष्ट्र घरेलू कामगार कल्याण मंडळाकडची नोंदणी उपयोगी पडते. मुकादमाच्या वहीतल्या पानाचा फोटो, टोळीतल्या इतर बायकांची साक्ष, ‘उद्या लवकर या’ असा साधा व्हॉट्सॲप संदेश, या सगळ्याला किंमत आहे.

छळाच्या पुराव्याबाबत एकच सूचना ठामपणे देते: काहीही पुसून टाकू नये. रागाने किंवा किळस येऊन स्त्रिया घाणेरडे संदेश लगेच काढून टाकतात, हे अगदी समजण्यासारखे आहे, पण तो फोन तसाच जपून ठेवावा. केवळ स्क्रीनशॉटवर विसंबू नये, मूळ संदेश ज्या फोनवर आला तो फोनही हाताशी असावा. घटनांची नोंद तारीख, वेळ, जागा आणि त्याचे नेमके शब्द अशी करावी. शब्द शिवीचे किंवा लाजिरवाणे असले तरी जसेच्या तसे लिहावेत, कारण ‘तो अश्लील बोलला’ या वाक्यावरून चौकशी करणाऱ्याला काहीच ठरवता येत नाही. घटनेनंतर तिने जिला पहिल्यांदा सांगितले त्या मैत्रिणीचे, बहिणीचे किंवा शेजारणीचे नाव साक्षीदारांत जरूर घालावे. प्रसंग डोळ्यांनी पाहणारे कोणी नसते तेव्हा ही साक्ष फार मोलाची ठरते.

तक्रार लिहिणे

तक्रार लेखी असावी लागते, पण लिहिता येत नाही म्हणून कोणीही मागे राहू नये, यासाठी समितीच्या सदस्यांनी लिहून घ्यायला मदत करणे कायद्याने बंधनकारक आहे. ती आजारी असेल किंवा अन्य कारणाने स्वतः येऊ शकत नसेल, तर घटनेची माहिती असलेली व्यक्ती तिच्या लेखी संमतीने तक्रार देऊ शकते.

अर्जासाठी खालील मजकूर आधार म्हणून वापरता येईल. भाषा तिची राहू द्यावी, कठीण कायदेशीर शब्द घालण्याची गरज नाही.

*प्रति, मा. अध्यक्ष, स्थानिक समिती, जिल्हा ____ (मार्फत समन्वयक अधिकारी, तालुका ____).*

*विषय: कामाच्या ठिकाणी झालेल्या लैंगिक छळाबाबत २०१३ च्या अधिनियमाखाली तक्रार.*

*मी ____, राहणार ____, ____ येथे ____ महिन्यांपासून ____ हे काम करते. मला काम देणाऱ्याचे नाव ____ आहे. दिनांक ____ रोजी सुमारे ____ वाजता ____ या जागी ____ याने (घडले ते क्रमाने). त्याआधी ____ रोजीही ____ असे घडले होते. ही गोष्ट मी ____ यांना सांगितली. या प्रकारामुळे माझ्या कामावर व प्रकृतीवर ____ असा परिणाम झाला आहे. चौकशी पूर्ण होईपर्यंत मला ____ असे संरक्षण मिळावे. मला ____ इतकी मजुरी येणे बाकी आहे. चौकशी करून कारवाई करावी व नुकसानभरपाई मिळावी, ही विनंती. सोबत: पुरावे व साक्षीदारांची नावे आणि पत्ते.*

मजुरी थकलेली असेल तर तिचा उल्लेख करावा, पण निव्वळ मजुरीच्या वसुलीसाठी कामगार आयुक्तांच्या कार्यालयात वेगळा अर्जही द्यावा.

नियमांनुसार तक्रारीच्या सहा प्रती, पुराव्यांसह, द्याव्या लागतात. सातवी प्रत स्वतःसाठी ठेवावी आणि तीवर शिक्का, तारीख, सही व आवक क्रमांक घेतल्याशिवाय कार्यालय सोडू नये. ‘साहेब बैठकीत आहेत, ठेवून जा’ असे सांगितले तरी पोच मागावीच. कोणी घेतच नसेल, तर तोच अर्ज पोचपावतीसह नोंदणीकृत टपालाने पाठवावा आणि केंद्र सरकारच्या ‘शी-बॉक्स’ या संकेतस्थळावरही नोंदवावा. सोबत जाणाऱ्या व्यक्तीने एक वही ठेवून कोणत्या दिवशी कोणाला भेटलो, काय उत्तर मिळाले, हे लिहीत जावे. पुढे स्मरणपत्र लिहिताना ही वही कामी येते.

हंगामी कामगारांसाठी जिल्ह्याचा मुद्दा निर्णायक ठरतो. समितीचा अधिकार तिच्या जिल्ह्यापुरता असतो, त्यामुळे बीडची बाई कोल्हापूर किंवा सांगलीच्या फडात असताना प्रकार घडला, तर तक्रार त्या जिल्ह्यात द्यायची. गाळप संपून टोळ्या गावी परतल्या की तिथे पुन्हा जाणे जवळजवळ अशक्य होते. म्हणून तळ उठायच्या आधी निदान अर्जाची पोच हातात आली पाहिजे. कारखान्याची स्वतःची अंतर्गत समिती असेल, तर एक अर्ज तिथेही द्यावा. मुकादम, वाहतूकदार आणि कारखाना यांत मालक कोण, या वादात तिचे तीन महिने निघून जाऊ नयेत, एवढाच त्यामागचा हेतू.

चौकशी सुरू झाल्यावर

समिती सात कामकाजाच्या दिवसांत तक्रारीची प्रत समोरच्या व्यक्तीला पाठवते आणि त्याने दहा कामकाजाच्या दिवसांत उत्तर द्यायचे असते. चौकशी नव्वद दिवसांत संपवायची असते. चौकशी घेताना अध्यक्षांसह किमान तीन सदस्य हजर असावे लागतात. दोन्ही बाजूंना वकील उभा करता येत नाही. साक्षीदारांना बोलावण्याचे आणि कागदपत्रे मागवण्याचे दिवाणी न्यायालयासारखे अधिकार समितीला आहेत, त्यामुळे हजेरीची वही मालकाकडे असेल तर ती मागवण्याची विनंती लेखी करावी.

चौकशीआधी तडजोडीची तरतूद आहे, पण ती फक्त स्त्रीने स्वतः मागितली तरच, आणि तिचा आधार पैसा असू शकत नाही. समितीतल्या कोणी किंवा गावातल्या वडीलधाऱ्यांनी ‘मिटवून टाका’ म्हणून आग्रह धरला, तर या तरतुदीची आठवण नम्रपणे आणि स्पष्टपणे करून द्यावी.

चौकशीच्या काळात संरक्षण मिळवण्यासाठी वेगळा लेखी अर्ज करता येतो. बदली, तीन महिन्यांपर्यंत जादा रजा आणि समोरची व्यक्ती तिच्या कामाचे मूल्यमापन करणार नाही अशी व्यवस्था, या गोष्टी समिती सुचवू शकते. एका घरात काम करणाऱ्या बाईसाठी बदली किंवा रजा यांना अर्थ नाही, हे मान्यच केले पाहिजे. कायद्याची ही मोठी उणीव आहे. तिथे संघटनेने किंवा बचत गटाने तिला दुसरे काम मिळवून देणे, हेच खरे संरक्षण ठरते, आणि तक्रारीच्या बरोबरीने त्या कामाला लागावे.

चौकशी रेंगाळू नये हे जितके महत्त्वाचे, तितकेच ती उरकून टाकली जाऊ नये हेही. वर उल्लेख केलेल्या गोवा विद्यापीठाच्या प्रकरणात चौकशी समितीने काही आठवड्यांत घाईघाईने सुनावण्या आटोपल्या आणि समोरच्या व्यक्तीला बाजू मांडायला पुरेशी संधी दिली नाही, या कारणावरून सर्वोच्च न्यायालयाने बडतर्फीची कारवाई रद्द करून प्रकरण फेरचौकशीसाठी परत पाठवले. घटनेनंतर इतक्या वर्षांनी तक्रारदारांना पुन्हा पहिल्या पायरीवर उभे राहावे लागणे, हे फार क्लेशदायक आहे. म्हणून समोरच्याला प्रत मिळाली का, त्याला साक्षीदार तपासू दिले का, प्रत्येक दिवसाच्या कामाची नोंद झाली का, याकडे तक्रारदाराच्या बाजूनेही लक्ष द्यावे. तो मुद्दाम येत नसेल, तर सलग तीन सुनावण्यांना सबळ कारणाशिवाय गैरहजर राहिल्यावर, पंधरा दिवसांची लेखी सूचना देऊन, समिती एकतर्फी निर्णय घेऊ शकते.

‘सिद्ध झाले नाही तर तुझ्यावरच कारवाई होईल’ ही भीती सर्रास घातली जाते. कायदा असे म्हणत नाही. जाणूनबुजून खोटी तक्रार केली किंवा खोटी कागदपत्रे दिली, असे चौकशीत निष्पन्न झाले तरच कारवाई होते. केवळ पुरावा अपुरा पडला म्हणून तक्रार खोटी ठरत नाही, असे कलम १४ मध्ये स्पष्ट नमूद आहे. हे कलम छापून जवळ ठेवावे.

पोलिसांचा मार्ग

समितीकडे तक्रार दिली म्हणून पोलिसांकडे जाता येत नाही, असे मुळीच नाही. दोन्ही एकाच वेळी करता येते, आणि समितीची तीन महिन्यांची मुदत हुकली तरी पोलिसांचा मार्ग तेवढ्याने बंद होत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत विनयभंगासाठी कलम ७४, लैंगिक छळासाठी ७५, पाठलागासाठी ७८ आणि स्त्रीच्या लज्जेचा अवमान करणाऱ्या शब्द वा हावभावांसाठी ७९ ही कलमे आहेत. या गुन्ह्यांत स्त्रीचा जबाब महिला पोलीस अधिकाऱ्याने नोंदवायचा असतो. गुन्हा कोणत्याही ठाण्याच्या हद्दीत घडलेला असला तरी माहिती नोंदवून घ्यावी लागते, आणि प्राथमिक माहिती अहवालाची (एफआयआरची) प्रत विनामूल्य मिळते.

ती स्त्री अनुसूचित जाती किंवा जमातीची असेल आणि आरोपी तसा नसेल, तर १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याची कलमे लावण्याची मागणी त्याच वेळी लेखी करावी. नंतर कलमे वाढवून घेण्यासाठी बरीच धावपळ करावी लागते. शेतमजुरी, सफाई आणि ऊसतोड या कामांत जात आणि छळ अनेकदा एकत्रच येतात, ही गोष्ट तक्रारीत दडपली जाऊ नये.

वकिलासाठी पैसे नाहीत म्हणून थांबायचे कारण नाही. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने प्रत्येक स्त्रीला, तिचे उत्पन्न कितीही असो, मोफत विधी सहाय्य मिळते. त्यासाठी तालुका न्यायालयातल्या विधी सेवा समितीकडे अर्ज करावा, किंवा १५१०० वर फोन करावा. तातडीच्या मदतीसाठी ११२ आणि महिला मदतवाहिनीसाठी १८१ हे क्रमांक आहेत.

अहवाल आल्यावर

चौकशी संपल्यापासून दहा दिवसांत अहवाल जिल्हा अधिकाऱ्याकडे जातो आणि त्याची प्रत दोन्ही पक्षांना मिळायला हवी. शिफारशींवर साठ दिवसांत कारवाई व्हायची असते. भरपाई ठरवताना मानसिक त्रास, गमावलेले काम, औषधोपचाराचा खर्च आणि समोरच्याची आर्थिक स्थिती यांचा विचार होतो. त्याने रक्कम भरली नाही, तर जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे ती वसूल करता येते. ही तरतूद अधिकाऱ्यांच्या लक्षात आणून द्यावी लागते, म्हणून साठ दिवस उलटताच स्मरणपत्र द्यावे. निर्णय मान्य नसेल, तर नव्वद दिवसांत अपील करता येते.

या सर्व काळात आणि नंतरही तक्रारदाराचे नाव, पत्ता, चौकशीतला मजकूर कोणत्याही गटात, बातमीत वा भाषणात येऊ देऊ नये. कार्यकर्त्यांना आपल्या कामाचे यश सांगण्याचा मोह होतो. न्याय मिळाला एवढे सांगता येते, पण तिची ओळख पटेल असा कोणताही तपशील देणे हा कायद्याचा भंग आहे.

शिक्षण: कोणाला, कुठे आणि कसे

कायद्याच्या प्रचाराची शिबिरे बहुधा तालुक्याच्या सभागृहात, कामाच्या वेळेत आणि भाषणांच्या स्वरूपात होतात. जिला त्याची सर्वाधिक गरज असते, ती त्या वेळी कुणाच्या तरी घरी फरशी पुसत असते. म्हणून बैठक तिच्या वेळेला आणि तिच्या वस्तीत घ्यावी. बचत गटाची मासिक बैठक, ग्रामसभेआधीची महिलासभा, दुपारी घरकामगार स्त्रिया एकत्र बसतात तो बसथांबा किंवा मंदिराचा ओटा, या जागा त्यासाठी उत्तम आहेत.

बैठकीची सुरुवात छळाच्या प्रश्नाने करू नये, कोणीही बोलणार नाही. कामाबद्दल विचारावे: किती घरे करता, मजुरी कधी मिळते, पहिल्यांदा एकटीने कामावर गेलात तेव्हा कशाची भीती वाटली. बोलणे हळूहळू तिथे येतेच. पाऊण तासात तीनच गोष्टी पक्क्या कराव्यात: तीन महिन्यांची मुदत, तालुक्याच्या समन्वयक अधिकाऱ्याचे नाव, आणि फोनमधले काहीही न पुसणे. बैठकीतच दोन-दोन जणींनी एकमेकींना तक्रार सांगून ती कागदावर उतरवण्याचा सराव करावा. लिहिता न येणाऱ्या बाईने सांगितलेली घटना दुसरीने वाचून दाखवली की ‘हे असे लिहिता येते’ हा विश्वास दोघींना एकदमच मिळतो.

पुरुषांना वगळून हे काम पुरे होत नाही. मुकादम, बांधकामावरचे ठेकेदार आणि गृहनिर्माण सोसायट्यांचे पदाधिकारी यांच्याशी स्वतंत्र बोलावे. त्यांना कायद्याची भाषा लवकर समजते, म्हणून मालकाच्या जबाबदाऱ्या आणि त्या न पाळल्यास होणारा पन्नास हजार रुपयांपर्यंतचा दंड तिथे सांगावा. सोसायटीच्या सूचनाफलकावर, लिफ्टच्या शेजारी, स्थानिक समितीचा पत्ता आणि समन्वयक अधिकाऱ्याचा दूरध्वनी क्रमांक मराठीत आणि हिंदीत लावायला सांगावे. शाळेत नववी-दहावीच्या मुलामुलींसमोर हा विषय एकत्रच मांडावा. आईच्या कामाला काम मानणारा मुलगा आणि आईच्या वतीने अर्ज लिहू शकणारी मुलगी, दोघेही त्याच वर्गात बसलेले असतात.

ऊसतोडीच्या गावांत ही बैठक दसऱ्याच्या आसपास, टोळ्या निघण्यापूर्वी घ्यावी आणि प्रत्येक बाईला ती ज्या जिल्ह्यात जाणार आहे तिथल्या स्थानिक समितीचा पत्ता एका चिठ्ठीवर लिहून द्यावा. तोच क्रमांक तिच्या स्वतःच्या फोनमध्ये, आणि तिच्याकडे फोन नसेल तर टोळीतल्या जिच्याकडे आहे तिच्या फोनमध्ये, तिथेच बसून साठवून घ्यावा.